ताईंचा गळा

दुपारची जेवणं आटोपल्यावर ती थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन रेकॉर्डिंगला निघाली. काम लहानसंच होतं. काही मिनिटांचं मुकं चित्रण, त्यावर आवाज द्यायचा. पण त्या चित्रणात ताई होत्या, आणि ताईंना जाऊन जेमतेम महिना झाला होता.

पडद्यावर ताई ज्या आवाजात हसल्या, रडल्या, तो आवाज हिचा. ताईंचा स्वतःचा गळा घोगरा, फाटका. पहिल्याच चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि तेव्हापासून चेहरा त्यांचा, आवाज हिचा, अशी जोडी जमली ती जमलीच. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. घरी आल्यागेल्याला मात्र ताई सांगायच्या, "हा माझा गळा. हिला थंड काही देऊ नका, मी उपाशी मरेन."

मग स्टुडिओत ती आग लागली. गाण्याचं चित्रीकरण चालू होतं. मागच्या रांगेत जाळीचे झगे घालून नाचणाऱ्या पोरी मधेच सटकतात, म्हणून मालकाने मागच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलेलं. पुढून पडदे पेटले. ताई मेकअपच्या खोलीत होत्या. दारावर पडणाऱ्या थापा त्यांनी ऐकल्या. किल्लीसाठी त्या अनवाणी धावल्या. किल्ली हाताला लागेपर्यंत थापा थांबल्या होत्या.

त्यानंतर ताईंनी तोंडाला रंग लावला नाही. मेलेल्या मुलींच्या आयांबरोबर त्या स्टुडिओच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. पहिल्या सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या, तर गर्दीत खसखस पिकली. "ही ती नव्हेच. तोतया आणलीय."

ताई थांबल्या. म्हणाल्या, "तो आवाज दुसरीचा होता. हा माझा आहे. ऐकायचा तर ऐका."

लोकांनी ऐकला. पुढे कितीतरी वर्षं ऐकला. कोर्टात, रस्त्यावर, मंत्र्यांच्या दारात. शेवटी घशात गाठ झाली नि तोही गेला. तेव्हा ही पुन्हा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. ताईंनी नुसते ओठ हलवायचे, हिने बोलायचं. उभा जन्म त्याच ओठांकडे बघण्यात गेला होता.

रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. दिवे मंद झाले. पडद्यावर फाटकासमोर बसलेल्या ताई दिसल्या, गळ्याला रुमाल, गालफडं बसलेली. ओठ हलले. 'निकाल लागेल तेव्हा मी नसेन. तुम्ही उठू नका.' तिने ते शब्द उचलले, एका दमात पुरे केले.

"छान," तो म्हणाला. "एकदा परत घेऊ."

दुसऱ्या खेपेला खोलीत जळक्या जाळीच्या कापडाचा वास आला. तिला वाटलं, एखादी वायर तापली असेल. तिने पडद्याकडे पाहिलं. ताई आता थेट तिच्याकडे बघत होत्या. ओठ हलले, पण शब्द मघाचे नव्हते. ताई नावं घेत होत्या. सावकाश, एकेक करून. फाटकासमोरच्या फलकावर लिहिलेली नावं नव्हेत, घरातली लाडाची. ठमी… बिट्टी… सोनकी…

तीही ती नावं घेत गेली. ताईंचे ओठ हलताहेत आणि आपण गप्प, असं तिच्याकडून आजवर कधी झालं नव्हतं.

"हे मघाशी नव्हतं…" कानात रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "तुम्ही मनानं घालताय?"

"ओठ बघ."

तो काचेशी वाकला. मग हळूच म्हणाला, "जुळतंय…"

चित्रण संपलं. बाहेर येऊन ती, ताई गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली.

त्या रविवारी संध्याकाळी फाटकासमोर चादर ताणून ते दाखवलं. आत स्टुडिओचा जळका सांगाडा तसाच उभा, फाटकाला कोर्टाचं सील. आया चटईवर बसल्या होत्या. पहिलं नाव आलं आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, "माझी." दुसरं नाव आलं. "माझी गं." अशी प्रत्येक आई आपल्या लेकीला ओळखत गेली. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी शेजारणीचा हात धरला. एकीने हिला कानात विचारलं, "सोनकी मी एकटीच म्हणायचे तिला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

हिने चादरीवर हलणाऱ्या ताईंच्या ओठांकडे बोट केलं.

शेवटचं नाव आलं. इवली.

या नावाला कुणी 'माझी' म्हटलं नाही. आया एकमेकींकडे बघू लागल्या.

"त्या दिवशी एक नवी पोर आली होती म्हणे," म्हातारी हलकेच म्हणाली. "एकटीच. पण तिला विचारत कुणी आलंच नाही… मोजलीसुद्धा नाही कुणी."

चादरीवरचं चित्र विझलं होतं. अंधारून आलं होतं. म्हातारीने डोळे पुसले, फाटकाकडे तोंड केलं आणि आईने हाक मारावी तशी मायेनं हाक मारली, "इवले…"

आणि सील लावलेल्या फाटकाच्या आतून, अगदी जवळून, कुणीतरी ओ दिली.