तिसऱ्या क्वार्टेटबद्दलची मतं

कृष्णकांतकाकांच्या घरी रविवारी सकाळी आधी पोहे मिळत, मग संगीत, आणि मत मांडायची पाळी सगळ्यात शेवटी येई. नवीन पनवेलमधली सिडकोची तीन मजली इमारत, तिचा सर्वांत वरचा मजला. एका खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसे, दुसरीतून न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग. जड ट्रेलर गेला की शोकेसमधले पेले किणकिणत.

"हे सिम्फनीत धरायचं नाही हं," काका म्हणत.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. काकांकडे जाऊ लागले तेव्हा मला पाश्चात्त्य संगीतातलं फारसं कळत नव्हतं. ध्वनीतलं कळत होतं. माझ्याखेरीज दोघे नेमाने येत. एक सत्यजीत, बँकेत अधिकारी, तिरकस बोलणारा. दुसरा प्रणित, मिठागरवाल्या घरातला. जमिनी सिडकोत गेल्यावर तो बिल्डर झाला होता. काकांचा रेकॉर्ड प्लेअर बिघडला की तोच नवी सुई शोधून आणायचा.

काका गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचे नियम दोनच. पहिला, सुई टेकली की दाराची कडी लागली. उशिरा येणाऱ्यानं बेल वाजवायची नाही, दार ठोकायचं नाही. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचं. मी स्वतः दोनदा बसले आहे. दुसरा नियम, मतं क्रमानं द्यायची, दाराजवळ बसलेल्यापासून. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

"घरच्यांनासुद्धा हाच कायदा," शशिकलाकाकू हसून सांगत. "सुशांत शाळेतून यायचा, आत रेकॉर्ड लागलेली असायची. दप्तर मांडीवर घेऊन पोर पायरीवर. भुकेनं पोट खपाटीला गेलं तरी ठोकायचा नाही."

सुशांत त्यांचा एकुलता एक. मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यानं वडिलांना रेकॉर्डचा एक मोठा संच पाठवला होता, हेल्मर ऑस्टवाल नावाच्या आधुनिक संगीतकाराचा. सहा सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना, आणि पाच क्वार्टेट, चार तारवाद्यांच्या. काकांना सिम्फनी आवडल्या. सुशांतचं म्हणणं, सिम्फनीत ऑस्टवाल नुसता ओरडतो, बोलतो तो क्वार्टेटमध्ये. जहाज बंदराला लागलं की फोनवर बापलेकांचं हेच भांडण. काकू म्हणत, "ट्रंककॉल लावून कोण असं भांडतं? मला दोन वाक्यं बोलायला मिळायची नाहीत."

मग सुशांतसकट ते जहाज बेपत्ता झालं. वादळाची नोंद नाही, मदतीचा संदेश नाही, एक फळीसुद्धा सापडली नाही. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णवच्या दिवाळीनंतर, काकांनी ऑस्टवालचा संच पहिल्यांदाच बैठकीत बाहेर काढला. सिम्फनी झाल्या. सत्यजीतला त्या आवडल्या, म्हणाला, "डोंगर फोडून रस्ता काढतोय गडी." मला त्यात आवाज फार आणि गाणं कमी वाटलं. प्रणित म्हणाला, "माझ्या साइटवर मिक्सर चालतंय तसा वाटला. पण मिक्सर मला आवडतंय, बरं का." काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग तिसरं क्वार्टेट लागलं.

त्याचा संथ भाग मला अजून आठवतो. तीन वाद्यं एक लांब, फिकट सूर धरून ठेवतात. त्याखाली चेलो, म्हणजे मोठं, खर्जाचं व्हायोलिन, बोटानं छेडलेले सुटे स्वर टाकत जातो. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. काका म्हणाले, "कोरडं आहे. हाडं आहेत, मांस नाही." सत्यजीतला कंटाळा आला. प्रणित त्या दिवशी दाराजवळ होता. तो म्हणाला, "कुणीतरी पाण्यातनं चालतंय. गुडघ्याएवढ्या."

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी बैठकीत कधी मत दिलं नव्हतं. त्यांचं संगीत वेगळं, जात्यावरचं, आईकडून आलेलं. त्यांनी प्रणितकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला चालतंय रे?"

"म्हंजे?"

"लांब जातंय, की इकडे येतंय?"

प्रणितनं विचार केला. "येतंय, काकू."

पुढच्या रविवारी त्यांनी तेच क्वार्टेट पुन्हा लावायला सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. काका कुरकुरले, पण लावलं. आणि मतं बदलत गेली. सत्यजीतला कंटाळवाणा वाटलेला चेलो आता चिखलात रुतलेल्या पायासारखा वाटू लागला, तो म्हणाला, "ओहोटीला उरणच्या खाडीत कुणी उतरलं की पाय काढताना जसा आवाज येतो ना, तसा." तो हे सहज बोलला आणि मग त्यानं काकूंकडे पाहिलं. प्रणित एक रविवार चुकवून परत आला. मधल्या बैठकीत काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो ऐकून म्हणाला, "आता मिठागराचा बांध लागला. सुका बांध. आमी लहानपणी अनवाणी जायचो, मीठ असा करकरायचा पायाखाली."

मी स्पष्टीकरणं दिली. रेकॉर्ड झिजते, सुई बदलली की खालचे स्वर वेगळे उमटतात, एकानं उपमा दिली की दुसऱ्याच्या कानाला तीच सापडते. सगळी स्पष्टीकरणं बरोबर होती. मला स्वतःला चेलोखेरीज काही ऐकू येत नव्हतं. तरी शनिवारपासूनच मी घरात उगाच येरझाऱ्या घालू लागले होते. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू टेकला की थांबायचे, पुढच्या टेकण्याची वाट बघत.

काकू मात्र फुलत चालल्या होत्या. पोहे परतताना गुणगुणत. एकदा मी आत पाणी घ्यायला गेले तेव्हा शब्द कानावर आले:

ओहोटीच्या पाण्या, नको रे पुसू वाळू
पाऊल माझ्या बाळाचं हळू, उमटू दे.

मी पाणी न पिताच बाहेर आले.

माघ लागला तेव्हा काका एका संध्याकाळी माझ्या घरी आले. चप्पल काढली नाही, दारातच उभे राहिले.

"गुरुजींशी बोललोय, नीता. देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसं करू म्हणतात. कधीतरी मोकळं करायला हवं ना त्याला? आणि हिलाही." ते थांबले. "ही तयार नाही. म्हणते, ज्याच्या पायांचा आवाज ऐकू येतो त्याचे दिवस कसे घालू?"

"तुम्हाला येतो आवाज?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "या रविवारी शेवटचं लावतो. तुम्ही तिघं अगदी खरं खरं मत द्या. तिला जे ऐकू येतं ते कुणालाच आलं नाही, तर ती गुरुजींना हो म्हणेल. तसं कबूल केलंय तिनं. तू शिकलेली आहेस. तुझ्या मताला ती मान देते."

मी हो म्हटलं.

रविवारी ऊन कडक होतं. रस्त्यावर ट्रेलर खोळंबले होते, त्यामुळे खोलीत नेहमीची थरथर नव्हती. पोहे कुणी संपवले नाहीत. सत्यजीतनं दोनदा घड्याळाला चावी दिली. काकांनी रेकॉर्ड पुसली, कडी लावली आणि सुई उचलली.

"दार उघडं असू दे," काकू म्हणाल्या.

"नियम तो नियम."

"तो नियम त्यालाही ठाऊक आहे हो." त्यांचा आवाज शांत होता, एखाद्या मुलाला गणित समजावावं तसा. "म्हणून तर तो बाहेर थांबतो. रेकॉर्ड चालू असते तेव्हाच तो येतो, आणि रेकॉर्ड चालू असताना तुमचं दार बंद. पोरानं यावं तरी कसं?"

काकांनी सुईवरची धूळ फुंकली.

त्यांनी ती टेकवली. कडी तशीच ठेवली.

संथ भाग सुरू झाला. फिकट सूर पसरला. चेलोचा पहिला स्वर पडला. मी मनात म्हटलं, चेलो. दुसरा. चेलो. प्रणितनं मान उचलून जिन्याच्या दिशेनं पाहिलं. सत्यजीतनं डोळे मिटून घेतले होते आणि त्याची बोटं गुडघ्यावर एकेक पायरी मोजावी तशी हलत होती.

मग चेलो थांबला. तिथं एक लांब विश्रांती आहे, प्रत्येक वेळी असते. तीन वाद्यं सूर धरून वाट पाहतात.

काकू उठल्या.

काकांनी हात पुढे केला, पण अडवलं नाही.

काकूंनी कडी काढली. दार उघडलं. पायऱ्यांवर उन्हाचा पट्टा होता, दुसरं काही नव्हतं. मी नीट पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या.

काकू एका बाजूला सरल्या. अरुंद दारातून कुणाला वाट द्यायची असली की आपण पदर आवरून सरतो, तशा.

मग त्यांनी दार लावलं. आतून वेताची खुर्ची आणली आणि दाराजवळ ठेवली.

खाडीच्या गाळाचा वास आला. खिडकी उघडी होती, येऊ शकतो.

रेकॉर्डची बाजू संपली. सुई मधल्या लेबलापाशी खरखरत राहिली. काका सवयीनं उठले, सुई बाजूला केली, घसा साफ केला.

"हं. दाराजवळच्यापासून."

आम्ही सगळे थांबलो. नियमानुसार कुणी तोंड उघडलं नाही.

काकांनी मान तिरकी केली होती. आधी त्यांचा चेहरा राखेसारखा होता. मग कपाळाला आठी पडली. ओळखीची आठी, कुणी सिम्फनीला नावं ठेवली की पडायची ती. त्यांनी एकदा मान हलवली. पुन्हा हलवली.

"नाही रे," ते म्हणाले. "मला अजूनही पटत नाही."

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "गुरुजींना काय कळवू?"

काकांनी हातानं त्यांना गप्प केलं. "थांब. तो बोलतोय ना."

ते ऐकत राहिले. मध्येच हसले. "ओरडतो म्हणे! अरे, समुद्राच्या तोंडावर उभा राहिला तर माणूस ओरडणारच." पुन्हा कान दिला.

"काका," प्रणित सावकाश म्हणाला, "यात मी त्याच्या बाजूचा हाय."

सत्यजीतनं डोळे उघडले. खुर्चीकडे पाहिलं. "मी नाही," तो म्हणाला. "पण मुद्दा बरोबर आहे."

मला काहीही ऐकू आलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. एक रिकामी खुर्ची होती आणि चार भली माणसं तिच्याशी बोलत होती. मला दिलेलं काम साधं होतं. माझी पाळी आली की खरं ते सांगायचं.

"नीता," काका वळून म्हणाले. त्यांचे डोळे लखलखत होते. "तो तुला विचारतोय."

मी उत्तर दिलं. मुद्देसूद, सविस्तर, मी वर्गात देते तसं. काकूंनी मान डोलावली. सत्यजीतनं मध्ये एक शंका काढली, तिचंही निरसन मी केलं. मग चहा झाला, आणि मी उन्हातून चालत घरी निघाले.

रेल्वे फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. डबे जात राहिले, आणि तिथं उभी असताना माझ्या लक्षात आलं, की प्रश्न काय होता हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.