रीना हसली की व्होल्टेज पडायचं

तो आमच्या दारात आला तो चुकूनच. जायचं होतं शेजारच्या गल्लीत, अन् हा बॅग घेऊन रिसाली वस्तीतल्या माझ्या ओट्यावर उभा!

"व्होल्टेज तपासायचं आहे, काकू. मी सुजय, वीज कंपनीचा इंजिनीयर."

"तपास. पण चपला बाहेर."

चपला काढता काढता साहेब पायरीवरून घसरले... अन् माझी सून रीना हसली. माझा लेक नरेश गेला त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. त्याच क्षणी नरेशच्या फोटोवरचा पिवळा बल्ब मंद झाला, पंखा सुस्तावला. ती गप्प झाली, तसा उजेड परत आला.

मी पाहिलं. तिनंही पाहिलं.

गल्ली चुकल्याचं कळलं, तरी सुजयनं आमच्याच मीटरपाशी सात दिवसांसाठी व्होल्टेज नोंदवायचं मशीन लावलं. ते पाहायला रोज यायचा. मशीन काय पळून जात होतं?

"आज पायरी पाहून आले ना?" रीना विचारायची. "एवढं काय मोजून राहिले तुम्ही?"

"इकडं नवी घरं झाली, घरोघरी एसी लागले. लोड वाढला की व्होल्टेज हळूहळू उतरतं... लाइन सावरून धरते. पण एक टोक असतं. त्याच्यापुढं थोडाही लोड टाकला — की सगळं एकदम बसतं. ते टोक किती दूर आहे, तेच पाहतो."

"अन् माणसाचं टोक?"

"त्याचं मशीन नाही... जवळ बसून पाहावं लागतं."

रीना ओठ दाबून हसली. बल्ब मंदावून निखाऱ्यासारखा लाल झाला.

सहाव्या दिवशी त्यानं मला सरळ सांगितलं, "काकू, मला रीनाशी लग्न करायचं आहे."

"नरेशले पटत नाही, दिसत नाही का तुले?" मी बल्बाकडे बोट केलं. "लाइनीचा दोष आहे म्हणून तुझं मशीन म्हणत असेल, तर घेऊन जा तिले. नाही तर पाय ठेवू नको इथं."

सातव्या दिवशी दिवेलागणीला तो कागद घेऊन आला. रीना चौकट धरून उभी. मला त्या कागदातलं काय कळणार, तिसरीत शाळा सुटली माझी! त्यानं 'लोड' म्हटलं असतं तरी मी मानलं असतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"लाइन ठीक आहे, काकू," तो हळूच म्हणाला. "बल्ब मंद झाला, त्या प्रत्येक वेळी व्होल्टेज पुरं होतं. वायरिंगही पाहिली... दोष नाही. हे कशानं होतं, मला नाही माहीत."

कागद ठेवून तो चपला शोधायला लागला. पायात उलट्या घातल्या.

"कुठं चालला?" मी ओरडली. "बस!"

माझा नरेश लाडका होता, पण खोटारडा. शिफ्ट आहे सांगून कुठं कुठं बसायचा, अन् रीना ताट झाकून वाट पाहायची. याला तर खोटं बोलून बायको मिळत होती — तरी खरं बोलला.

रीना हसली नव्हती, तरी बल्ब आता विझायला आला होता. फोटोखालच्या कोपऱ्यात कोणी अवघडून उभं असल्यासारखं वाटत होतं. मी तिकडं तोंड करून म्हटलं, "नरेश, बाजूले हो. पोरीले जाऊ दे. तुझी माय सांगून राहिली."

"आई..." रीना माझ्या गळ्यात पडली. रडली, अन् रडता रडता मोठ्यानं हसली.

मी बल्बाकडे पाहिलंच नाही.