डावीकडे बसलेली गाडी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर माणूस तरी बरा निवडला असता. आमचा अनंता नाही.

अनंता माझा आतेभाऊ. पेणजवळ, खाडीकाठच्या गावात राहतो. गेल्या मार्गशीर्षात, अमावास्येच्या आदल्या दिवशी हे सुरू झालं.

भर दुपारी. म्हणजे अंधाराला दोष देता येणार नाही.

अनंताची गाडी चौदा वर्षांची. छोटी, पत्रा पातळ, हॅण्डब्रेक नावापुरता. तो तिला 'डबडं' म्हणायचा. तसा तो सगळ्यांनाच काहीबाही म्हणायचा. शेजारी अडाणी, पुढारी चोर, बायको सोनल म्हणजे कटकट. जगात शहाणा एकच, आणि तो याला रोज दाढी करताना आरशात दिसायचा.

फक्त लेकीपुढे, प्राप्तीपुढे, त्याची जीभ गोड व्हायची. नऊ वर्षांची पोर. तिला शाळेत सोडायला म्हणून तर हे डबडं त्यानं ठेवलं होतं.

त्या दुपारी तो चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घ्यायला जुन्या मिठागराच्या बंधावर थांबला. गाडी उतारावरून घसरायला लागली. बंधात एक काळा, गुळगुळीत दगड रोवलेला होता. त्याच्यावर शेंदराचा पुसट डाग होता. अनंतानं तो उपटला आणि चाकाला लावला. निघताना मागच्या डाव्या सीटखाली टाकून दिला.

दोन किलोचा असेल नसेल.

दुसऱ्या सकाळी गाडी मागून डावीकडे बसलेली होती. टायर पार मडगार्डला टेकायला आलेला.

"शॉकअप गेले," गॅरेजवाला हितेश म्हणाला. त्यानं दोन्ही शॉकअप बदलले. गाडी संध्याकाळी घरी आली, आणि सकाळी पुन्हा तशीच.

मग स्प्रिंगा बदलल्या. मग बुश. गाडी ढिम्म.

"तू मेकॅनिक हायस का न्हावी?" अनंता ओरडला. "नुसता भादरतोस! एक गाडी सरळ उभी करता येत न्हाय, आणि बोर्ड केवढा लावलाय!"

हितेश गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला, "दादा, रिकामी गाडी अशी बसत न्हाय. मागं कोणी बसल्यावर बसते."

अनंता हसला. गावाला ऐकू जाईल असा हसला.

पण रस्त्यात खड्डा आला की मागून दणका बसायचा. आणि मग... एका क्षणानं... कोणीतरी दमून श्वास सोडल्यासारखा आवाज यायचा.

"जुन्या गाडीची खोड," अनंता म्हणायचा.

एका सकाळी प्राप्ती म्हणाली, "पप्पा, मी पुढं बसू?"

"कशाला गं?"

"मागं जागा न्हाय."

अनंतानं आरशात पाहिलं. सीट रिकामी होती.

पण डावी बाजू ओली होती. वर मिठाचा पांढरा थर धरलेला. गाडीत खाडीच्या चिखलाचा वास भरला होता.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. अनंता गाडी घेऊन थेट ट्रकच्या वजनकाट्यावर गेला. गाडी रिकामी आहे, म्हणजे हितेशच्या स्प्रिंगाच कुचकामी, हे त्याला आकड्यानिशी सिद्ध करायचं होतं. काट्यावर गाडी उभी करून तो खाली उतरला.

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"दादा, मागच्या माणसाला पण उतरवा की."

अनंतानं काटेवाल्यालाही आंधळा म्हटलं. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

घरी आल्यावर त्याच्या आईला, कृष्णाबाईला, सीटखालचा दगड दिसला. म्हातारी मटकन खालीच बसली.

"मुडद्या, ह्यो बंधावरचा ना? आरं, माझ्या आज्याच्या वक्ताला उधाणात बंधाला खांड पडली व्हती. चिखल टिकंना, दगड टिकंना. तवा एक गडी त्या खांडीत आडवा झाला. माझ्यावर माती टाका म्हनला. त्याच्यावर बंध उभा हाय. ह्यो दगड त्याच्या उशाचा!"

"मग?"

"मग काय मग? तो पानी धरून व्हता. तू त्याला उठवलास. जा, व्हता तिथं ठेव, हात जोड, माफी माग."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्राप्तीला घेऊन तो निघाला. बंधाकडची गाडीवाट आता भरतीच्या पाण्यानं चिखलात गेली होती, तिथवर चालावं लागणार होतं, आणि पायात नवे बूट. देवाचा दगड म्हणे! त्यानं पुलावर गाडी थांबवली आणि दगड खाडीत भिरकावला.

डुबुक.

मागे गाडी कुरकुरली... आणि हळूहळू वर उचलली गेली. डावी बाजू उजवीच्या बरोबरीला आली. एका रेषेत.

"बघितलंस? गेलं भूत पोहायला!" अनंता टाळी वाजवून हसला.

प्राप्ती हसली नाही. ती मागे, डाव्या बाजूला सरकून बसली होती.

"पप्पा, ते रडत व्हते."

"कोण?"

"विचारत व्हते, आता पानी कोण धरील?"

अनंताचं हसू जागच्या जागी विरलं. "मग... तू काय म्हटलंस?"

"म्हटलं, मी धरते."

पुढं काही दिवस काहीच झालं नाही. गाडी झकास चालत होती. हितेशचं नाव निघालं की अनंता अजून नाक मुरडायचा.

पौषातल्या अमावास्येला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दुपारचे बारा वाजलेले. खाडीला उधाणाची भरती होती. ताटं वाढली, आणि सोनलनं प्राप्तीला हाक मारली.

मग ती बघायला दाराकडे गेली.

पोर उंबऱ्याशी आडवी पडली होती. दार अडवून. पाठ बाहेरच्या बाजूला, डोळे उघडे.

"ऊठ बाळा, जेवायचंय," सोनल म्हणाली.

"उठवू नका," प्राप्ती म्हणाली. "पानी येतंय."

अनंता पुढे झाला. तिच्या बगलेत हात घालून त्यानं उचलायला जोर लावला. पोर हलली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी पाय धरले. दोन बाप्ये माणसं, आणि नऊ वर्षांची पोर जमिनीवरून बोटभर उचलेना.

आणि तिचा फ्रॉक... पाठीकडून भिजत चालला होता.

अंगण कोरडं ठाक होतं.

कृष्णाबाईनं हात जोडले. अनंता लेकीच्या पायाशी बसला आणि हमसून हमसून रडला. एवढ्या वर्षांत त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ओहोटी लागली तशी ती आपसूक उठली. "भूक लागली," म्हणाली. पाठीवर सुकलेलं मीठ होतं.

डॉक्टर म्हणतात, पोरीला काही झालेलं नाही. अनंता रोज ओहोटीला पुलाखालच्या चिखलात हात घालून तो दगड शोधतो. कोणी हसलं तर मान खाली घालतो. अजून सापडलेला नाही.

आणि परवा सोनल फोनवर सांगत होती, आता फक्त अमावास्येला नाही... पुनवेच्या भरतीलाही ती दारात जाऊन झोपते.