परीक्षकाची माघार

मनालीची आणि डॉक्टर सोहमची पहिली भेट झाली तेव्हा ती स्ट्रेचरवर आडवी होती, पट्ट्यांनी आवळलेली होती आणि तिला काहीही झालेले नव्हते.

२००७ सालचा जानेवारी. भाजलेल्या कामगारांना तातडीने मुंबईला पोहोचवण्यासाठी अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याला हवाई रुग्णवाहिकेशी करार करायचा होता. ती सेवा आपत्कालीन उपचारांच्या मानकांत बसते का, हे ठरवण्याचे काम मनालीचे. बदलापूरच्या मैदानावर हेलिकॉप्टर सज्ज झाले आणि रुग्णाचे सोंग घेणारा कामगार नाथा ऐन वेळी मागे सरला.

"मॅडम, बायकोनं शप्पथ घातलीय. धडधाकट माणसानं स्ट्रेचरवर झोपायचं नाय."

या विधानाला कसलाही आधार नव्हता. पण वाद घालायला वेळही नव्हता. ब्लँकेटखाली स्टॉपवॉच घेऊन मनाली स्वतःच झोपली.

"घाबरलात?" सेवेचा डॉक्टर तिच्यावर वाकला. पात्यांच्या वाऱ्याने त्याचे केस उभे राहिले होते. डोळे मात्र विलक्षण शांत.

"नाही."

"नाडी एकशे आठ आहे."

"आवाजामुळे असेल."

"असेल…" तो हसला. "निवांत पडून राहा. आज परीक्षक बाई येणार आहेत. फार कडक आहेत म्हणे. कुठे बसल्यात कोण जाणे!"

"जवळपासच असतील," मनाली म्हणाली.

उड्डाण सतरा मिनिटांत झाले. मुंबईत उतरल्यावर तिची प्राणवायूची नळी काढून तिला खाली थांबलेल्या रुग्णवाहिकेच्या गाडीत हलवले. तिथली जोडणी निराळी निघाली, म्हणून शोधाशोध झाली. शेवटी सोहम अभिमानाने म्हणाला, "सतरा मिनिटं!"

"आणि चार मिनिटं चाळीस सेकंद मी प्राणवायूशिवाय होते." तिने घड्याळ बाहेर काढले.

त्याचे कान लाल झाले. आता वारा, गर्दी, ड्रायव्हर अशी कारणे येतील, हा मनालीचा सहा वर्षांचा अनुभव. तो मात्र गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

"हे आम्ही कधी मोजलंच नाही. उतरलो की आमचं घड्याळ थांबतं. गाडी निघाली की गाडीवाल्यांचं सुरू होतं."

हेलिकॉप्टर सेवेचा मालक लांबून नको-नको अशा खुणा करत असताना त्याने त्या आकड्याखाली सही केली.

त्या सहीने मनालीच्या मनात घोटाळा केला. तरी तिने अहवालात लिहिले : अपात्र, सहा आठवड्यांनी फेरतपासणी. पुन्हा नापास झाले तर करार जाणार आणि आठ माणसांची ती सेवा बंद पडणार. हे मालकाने तिला तीनदा ऐकवले. सोहमने एकदाही नाही. तो फक्त फोन करी.

"नियम सातमध्ये 'अखंड पुरवठा' म्हणजे नेमकं काय?"

"अखंड."

"बरं. जेवलात का?"

"हे नियम सातमध्ये येत नाही."

"माहीत आहे हो… पण जेवलात का?"

प्राणवायूचा सिलिंडर स्ट्रेचरलाच बांधून रुग्णासोबत न्यायचा, असा उपाय त्याने काढला. त्यासाठी लागणारी जाड कापडी पिशवी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या तुळशीशेठकडे तयार होत होती. मनाली ती पाहायला गेली. 'प्रत्यक्ष पाहणी' अशी नोंदही तिने केली.

"साईं, जीन्स की सिलाई है," तुळशीशेठ सोहमला म्हणाले, "आदमी फटेगा, थैली नहीं फटेगी! और भाभीजी के लिए कुछ दिखाऊँ?"

दोघांनी एकाच वेळी "नाही" म्हटले, आणि दोघेही हसले. परतताना शेअर रिक्षात तिच्या ओढणीचे टोक त्याच्या घड्याळात अडकले. त्याने ते अंबरनाथ येईपर्यंत, फारच सावकाश सोडवले…

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीचा तक्ता तयार करताना मनालीचा हात थबकला. पिशवीच्या रकान्यात तिने 'समाधानकारक' लिहिले होते. पिशवीची चाचणी अजून व्हायची होती.

असे तिच्याकडून कधी घडले नव्हते. तिने तो शब्द खोडला आणि वरिष्ठांना, महेंद्र सरांना, पत्र लिहिले : 'या सेवेतील डॉक्टरांविषयी मला व्यक्तिशः ओढ वाटते. माझे मोजमाप विश्वासार्ह राहणार नाही. कृपया दुसरा परीक्षक नेमावा.'

फेरतपासणी महेंद्र सरांनी केली. त्या दुपारी अंबरनाथ पश्चिमेला, घरी, मनालीने एकच पान अकरा वेळा वाचले. बेल वाजली. दारात सोहम.

"सरांनी तुमचं पत्र दाखवलं. मी मागितलं नव्हतं. तुम्ही का आला नाहीत, एवढंच विचारलं होतं."

मनालीचा चेहरा तापला. "आधी निकाल सांगा."

"आधी पत्राचं…"

"निकाल!"

"पास. प्राणवायू एक सेकंदही तुटला नाही."

तिने दाराची चौकट धरली. आठ माणसे, आणि कुठल्यातरी पाळीत भाजणारा एक अनोळखी कामगार… सगळ्यांचा श्वास जणू तिने एकटीने रोखून धरला होता.

"आता माझं," सोहम हळूच म्हणाला. "तुम्ही नापास केलंत, त्याच दिवसापासून मलाही… म्हणजे, तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला."

"सांगितलं तरी चालेल."

त्याने सांगितले. फार हळू, फक्त तिच्यापुरते.

"मनाली, कोण आहे गं?" आतून आईने, द्रौपदीबाईंनी, विचारले.

"डॉक्टर आहेत, आई." मनालीने दार पूर्ण उघडले. "तू विचारशील ते सगळं खरंच सांगतील. पारखून घे."