माळ्यावरचं दाताळं

नेल्लोकाकांचं दुपारचं जेवण वर मेतातोत पोचवायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. फडक्यात बांधलेलं भांडं घ्यायचं, चर्चच्या मागची पायवाट धरायची आणि चेस्टनटच्या झाडांमधून चढत जायचं. थंडीचे दिवस, पण चढणीनं अंग गरम व्हायचं. मला ते काम आवडायचं. सासूबाईंच्या नजरेआड तेवढाच वेळ मिळायचा.

मेतातो म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. दगडाची एक खोली. मधोमध जमिनीवर धुमसती आग आणि डोक्यावर लाकडी पट्ट्यांचा माळा. माळ्यावर चेस्टनट पसरायचे आणि खालून महिनाभर त्यांना धूर द्यायचा. आग भडकता कामा नये आणि विझताही कामा नये. धुराडं नसतंच, धूर छपराच्या फरश्यांमधून आपली वाट काढतो. चेस्टनट खडखडीत वाळले की सोलायचे, पाणचक्कीवर दळून आणायचे आणि त्या पिठावर हिवाळा काढायचा. युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. आमच्या सेरालता गावात गव्हाची भाकरी सणालाच दिसायची.

हा मेतातो नेल्लोकाका आणि त्यांची बहीण इसोलिना यांचा. दोघंही बिनलग्नाची, जन्मभर एका छपराखाली राहिलेली आणि जन्मभर भांडलेली. काकांनी आग सांभाळायची, इसोलिनाआत्यांनी माळा. डोंगराच्या अंगाला माळ्याची एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून त्या आत शिरायच्या आणि लाकडी दाताळ्यानं चेस्टनट खालीवर करायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "तुम्ही लोक दाताळं ओढता की नांगर?" म्हणायच्या.

ऑगस्टच्या शेवटी छातीच्या दुखण्यानं त्या गेल्या. काका रडले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "भांडायला कुणी नाही, तर बोलू कशाला?"

आमच्या मेतातोचं छप्पर मागच्या बर्फात बसलं होतं. म्हणून त्या वर्षी आमचेही चेस्टनट काकांच्याच माळ्यावर पडले. दोन घरांचा हिवाळा त्या एका आगीवर अवलंबून होता. काका तिथेच राहायला गेले. बाकावर घोंगडी टाकली की झालं त्यांचं घर.

मृतांचा सण आला. त्या संध्याकाळी माझ्या सासूबाई, आर्मिदा, नेहमीप्रमाणे टेबल मांडून ठेवत होत्या. ब्रेड, पाण्याचा तांब्या, उकडलेले चेस्टनट. आपली गेलेली माणसं त्या रात्री येतात, दमलेली असतात, त्यांनी उपाशी जाऊ नये. दाराला कडी घालायची नाही. काका मीठ न्यायला खाली आले होते.

सासूबाई म्हणाल्या, "नेल्लो, तुझ्याही घरी पान मांड हो. बहीण येईल तुझी."

"आर्मिदा, चेस्टनटच्या दिवसांत ती जिवंतपणी कधी घरी थांबली नाही. आता मेल्यावर थांबेल होय?"

माझा नवरा फोस्को हसला. मीही हसले. सासूबाईंनी तेवढी छातीवर क्रुसाची खूण केली.

त्यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. मी जेवण घेऊन वर गेले. दरीतून धुकं वर आलं होतं, पण वाट दिसत होती. मेतातोचं दार थोडं उघडं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता. भरभरून बोलत होते. मध्येच थांबायचे, ऐकायचे आणि पुन्हा बोलायचे. मला वाटलं, कुणी शेजारी बसलंय गप्पा मारत.

आत गेले तर काका एकटेच. डोळे धुरानं लाल, पण चेहरा कसा टवटवीत.

"कुणाशी बोलत होता, काका?"

त्यांनी बोटानं वर दाखवलं. "इसोलिना आलीय. माळ्यावर आहे."

मी काही म्हणणार तेवढ्यात वर आवाज झाला. सर्र... सर्र... दाताळं ओढल्याचा. चेस्टनट पट्ट्यांवरून गडगडत गेले. फटींमधून बारीक भुसा माझ्या केसांवर पडला. आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि जिथून गेला तिथली पट्टी वाकली, मग सरळ झाली. पुढची वाकली. जसं कुणी गुडघ्यांवर सरकत जावं.

मी भांडं खाली ठेवलं आणि बाहेर आले. पळाले नाही. फोस्कोच असेल, माझी गंमत करत असेल, असं मनात धरून मी डोंगराच्या बाजूनं वर चढले. खिडकीला बाहेरून खुंटी लावलेली होती. मी ती काढली. आतून ऊन ऊन, गोडसर वाफ तोंडावर आली. माळ्यावर कुणी नव्हतं. चेस्टनट मात्र नुकतेच उलटलेले होते, ओळीओळीनं, अगदी आत्या करायच्या तसे. दाताळं भिंतीला टेकवलेलं. दांड्याला मी हात लावला आणि लगेच काढून घेतला. बाकी सगळं गरम होतं आणि तो दांडा विहिरीतून काढल्यासारखा गार होता.

घरी येऊन सांगितलं. फोस्को म्हणाला, "काकांनीच उलटले असतील."

"मी असताना ते खाली होते."

"मग उंदीर असतील."

"उंदीर ओळी पाडतात होय रे?"

सासूबाई चुलीपाशी दोन लोखंडी तव्यांमध्ये पिठाची धिरडी दाबत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "आर्जेने, तिथे बसून काही खाऊ नकोस. आणि वरून कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी फोस्को गेला. त्याला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "म्हातारा खुशीत आहे. दुःखात माणूस असं करतं. राहू दे."

पण काका वाळत चालले होते. मी नेलेलं जेवण तसंच परत यायचं. रिकोत्ता, ते ताजं मऊ चीज, म्हणजे त्यांना जीव की प्राण. त्यालासुद्धा हात लावायचे नाहीत. गालांची कातडी सुरकुतली, ओठ फुटले. "जेवा ना, काका," म्हटलं की म्हणायचे, "ती म्हणते, पोट रिकामं असलं की हलकं वाटतं." आणि हसायचे. मला बघून त्यांना बरं वाटेनासं झालं. मी आले की वरचं बोलणं थांबायचं, म्हणून.

मग तो दिवस आला. सकाळपासूनच धुकं इतकं दाट, की चर्चचा मनोरा दिसेना. मी वाटेवर चालत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. वळणावर आल्यावर कळलं. धुराचा वासच येत नव्हता. एरवी चर्चपाशीच तो नाकात भरायचा. छपराकडे पाहिलं. फरश्यांमधून एक रेघसुद्धा निघत नव्हती.

आग विझली असती तर दोन घरांचे चेस्टनट सडले असते. मी धावत गेले. दार बंद होतं. ढकललं, हलेना. खालच्या फटीत आतून पोती कोंबलेली होती.

"काका! दार उघडा!"

आत कुणीतरी बोलत होतं. हळू, समजुतीच्या सुरात, आजाऱ्याला झोपवावं तसं. शब्द कळत नव्हते. काकांचा आवाज नव्हता.

मी खांद्यानं दाराला धक्के दिले. तिसऱ्या की चौथ्या धक्क्याला पोती सरकली आणि सगळा कोंडलेला धूर माझ्या अंगावर आला. छपराच्या फटीही आतून चिंध्यांनी बुजवल्या होत्या, ते नंतर कळलं. माळ्यावर चढून म्हाताऱ्यानं ते कसं केलं, कोण जाणे. मी अॅप्रन तोंडावर धरून जमिनीलगत आत शिरले. काका बाकावरून खाली घसरले होते. आगीकडे तोंड, डोळे अर्धे उघडे. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागले.

तेव्हा वर इतका वेळ सर्र सर्र चाललेलं दाताळं थांबलं.

माझ्या डोक्यावरची पट्टी वाकली. फटीतून भुसा पडला. आणि अगदी जवळून, शेजारीण कुंपणावरून बोलते तशा सहज आवाजात कुणीतरी म्हणालं,

"असू दे गं त्याला. अजून ओला आहे."

मी उत्तर दिलं नाही. सासूबाईंचं बोलणं आठवलं म्हणून नव्हे. त्या धुरात तोंड उघडायची सोयच नव्हती. मी ओढत राहिले. काका इतके हलके झाले होते की उंबऱ्यावरून एका हिसक्यात बाहेर आले. मागे पट्ट्या वाजल्या, एक, मग दुसरी, दाराच्या दिशेनं... आणि भिंतीपाशी येऊन थांबल्या.

ओल्या गवतावर आल्यावर मी जोरात हाका मारल्या. फोस्को खाली लाकडं फोडत होता, तो आला. त्यानं काकांना उताणं केलं, छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं काका खोकले. काळं पाणी ओकले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "दार लाव. थंडी आत जातेय."

त्यांना आम्ही घरी आणलं. चेस्टनटचं काय करायचं, यावर वाद झाला. टाकून द्यायचे तर खायचं काय? शेवटी फोस्को आणि गावातल्या दोघांनी दार सताड उघडं ठेवून ते वाळवून काढले. वर कुणी एकटं गेलं नाही. सोलले, दळले, पेटीत दाबून भरले. खाल्लेही. त्या वर्षीचं पीठ इतकं गोड होतं की सासूबाई प्रत्येक घासाला तोंड वाकडं करायच्या आणि तरी खायच्या. वसंतात फोस्कोनं माळ्याच्या पट्ट्या काढून जाळल्या.

काका आमच्याकडेच राहिले. डिसेंबरातल्या एका सकाळी सासूबाई चर्चला गेल्या होत्या, फोस्को गोठ्यात होता. काका चुलीजवळ बसले होते. मी बटाटे सोलता सोलता विचारलं,

"काका, आत्या काय बोलायच्या हो?"

"ती इसोलिना नव्हती."

माझा हात थांबला. "मग कोण होतं?"

"ते मी विचारलं नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. साठ वर्षं भांडलोय मी तिच्याशी. ही कधी भांडलीच नाही. गोड बोलायची."

"माहीत होतं तर बसून का राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच खुळी. म्हणाले, "बोलत होतं ना कुणीतरी."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही. मी पुढचा बटाटा उचलला. मग तेच पुढे म्हणाले, "तुम्हा सगळ्यांची चौकशी करायची. फोस्कोचा गुडघा कसा आहे, आर्मिदाला दिसतं का. एक दिवस म्हणाली, आर्जेनेच्या मुलीचं नाव मी ठेवलंय. मी म्हटलं, आर्जेनेला कुठे मुलगी आहे? तर म्हणाली, आहे."

मला दिवस गेले असावेत अशी शंका मलाच जेमतेम आठवड्यापूर्वी आली होती. अजून फोस्कोलाही सांगितलं नव्हतं.

"काय नाव?"

काकांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. "ते तोंडातून काढायचं नाही, पोरी."

मी पुन्हा विचारलं. त्या दिवशी, आणि नंतरही कितीतरी वेळा. कधी रागावून, कधी पाया पडून. त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मुलगीच झाली. सासूबाईंनी घाई करून तिचा बाप्तिस्मा करवला. एल्दा नाव ठेवलं, फोस्कोच्या आजीचं. काकांनी ते नाव ऐकलं आणि मोठा श्वास सोडला. पाळण्याजवळ बसून ते तिला दिवसभर त्या नावानं हाका मारायचे. एल्दा, एल्दा, एल्दा. दगडावर कोरावं तसं. पुढे दोन हिवाळे काढून ते शांतपणे गेले.

एल्दा तीन वर्षांची झाली. खेळकर पोर, खाऊनपिऊन सुखी. त्या नोव्हेंबरात एके दुपारी ती अंगणात खेळत होती आणि मी दारात बसून पाला निवडत होते. धुकं खालून चढायला लागलं तशी मी म्हटलं, "एल्दा, आत ये."

तिनं वळून पाहिलं नाही.

"एल्दा! ऐकू येत नाही का गं?"

काहीच नाही. बहिऱ्यासारखी खेळत राहिली. आणि मग, सगळं शांत असताना, वाऱ्याचासुद्धा आवाज नसताना, तिनं मान वर केली. चर्चच्या मागच्या चढणीकडे पाहिलं. तिकडे धुक्याशिवाय काही नव्हतं. ती हसली, हातातलं खेळणं खाली ठेवलं आणि लाडानं म्हणाली,

"आले!"

आणि निघाली.

मी पाला फेकून धावले. कुंपणापाशी तिला उचललं, घरात आणलं, दाराला कडी घातली. ती रडली नाही, हातपाय झाडले नाहीत. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून पडून राहिली. मग मान उचलून तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"आई, तू मला एल्दा का म्हणतेस?"