घोटीची साखर

सांगतो, पण मध्ये हसायचं नाही. समाधान हसला होता. आता तो डबा खाताना माझ्या शेजारची एक जागा सोडून बसतो. का, ते सांगत नाही.

मी अंबडला पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. शाळा नववीत सोडली. वधूवर मेळाव्यात माझा बायोडाटा शिक्षणाच्या ओळीपर्यंतच वाचला जायचा. म्हणून समाधानने, माझ्या शेजारच्या मशिनवरच्या मित्राने, माझ्या फोनवर डेटिंगचं ॲप टाकलं. अकरा महिने मी रोज जेवणाच्या सुट्टीत लिहीत होतो. खाडाखोड करून, नीट.

"दिन्या, हा मेसेज आहे का तलाठ्याला अर्ज?" समाधान म्हणायचा. "हाय लिही, बस."

हाय लिहूनही तेच. मुली शिक्षण विचारायच्या आणि गायब व्हायच्या.

एकटी सायली टिकली. घोटीची. मी नववी सांगितल्यावर तिने लिहिलं, 'चालेल. मी पण बारावीच्या पेपरला पोचले नाही.' तो मेसेज मी कितीदा वाचला असेल! मग एक दिवस तिनेच लिहिलं, 'घरी या. आई आहे. एकटेच या.'

रविवारी दुपारी घोटीला उतरलो. घर भाताच्या गिरणीमागे होतं. गिरणी बंद होती, तरी कोंड्याची धूळ हवेत तरंगत होती, घशात बसत होती. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. फक्त माझ्या नव्या बुटांचा आवाज.

दारात तिची आई उभी होती, सुलाबाई.

"या पाव्हणं. संगं कोनी मोठं मानूस नाय?"

"नाही, मावशी. एकटाच आलो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मला पाटावर बसवलं.

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. पडद्यामागे बांगड्या वाजल्या. मग कडेने एक हात बाहेर आला. हातात बशी, बशीत साखर. बोटांना निळी शाई लागलेली... ओली. बशी माझ्यापुढे टेकली, आणि जमिनीवरून चाललेली मुंग्यांची रांग वळसा घालून लांबून गेली.

"घ्या..."

एवढाच शब्द. पण माझ्याशी इतकं मऊ कुणी बोललं नव्हतं.

आमच्याकडे मुलीच्या हातची साखर पसंती असेल तरच खातात. मला माहीत होतं. आधी चेहरा बघावा, चार शब्द बोलावेत, हेही कळत होतं. सोबत एखादा काका असता तर त्याने माझा हात धरला असता. पण मी एकटा होतो, आणि वाटलं, थांबलो तर हीसुद्धा गायब होईल...

मी चिमूट तोंडात टाकली.

सुलाबाईने मोठा श्वास सोडला आणि पडदा बाजूला केला. आत कुणी नव्हतं. खुंटीला दप्तर. भिंतीवर सायलीचा फोटो, त्याला हार. त्याखाली बारावीचं हॉल तिकीट.

"तीन वर्सं झाली," ती म्हणाली. "पेपराला जाताना हायवेला गाडीखाली गेली. बिनलग्नाची गेली म्हनून घर सोडंना. आता जाईल तुमच्या संगं."

"मग... मला मेसेज तुम्ही करत होता?"

"मला लिवता-वाचता नाय येत, जावईबापू."

बस स्टँडपर्यंत पळालो. त्याच दिवशी ॲप काढून टाकलं.

दोन महिन्यांनी समाधानने पुन्हा टाकायला लावलं. "एकदा शेवटचं कर," म्हणाला. सुवर्णा नावाची मुलगी सकाळी दहाला गंगापूर रोडला मिसळ खायला आली. खुर्चीपाशी पोचली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

"लग्न झालंय, हे आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "आणि तिला घेऊनच बसलायस? कमाल आहे तुझी!"

ती गेली. मी एकटाच बसलो होतो. वाढप्याने दोन प्लेटा ठेवल्या.

"वहिनींना तर्री कमी करू का?" तो हळूच म्हणाला.

आजूबाजूचे सगळे नाक पुसत होते, तिखटच तसं होतं. मला मात्र घास गोड लागला. तेव्हापासून सगळंच गोड लागतं. मेहनत फुकट गेली, असं म्हणता येणार नाही. एकीने तरी हो म्हटलं.

उठताना दुसऱ्या प्लेटकडे नजर गेली. मिसळ जशीच्या तशी होती. फक्त पावाच्या मऊ पोटावर चार बोटं उमटली होती. निळी. ओली.