मागच्या जागेवरचा बद्री

आम्रपाली आणि बद्रीनाथची गाठ एका वजनकाट्यावर पडली, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण पडली खरी. पानशेतच्या धरणाकाठी, रविवारी सकाळी, जयसिंग एकेकाला काट्यावर उभं करत होता. हा जयसिंग दर हिवाळ्यात कोकणच्या समुद्रात कयाकची सहल न्यायचा, आणि त्याआधी दोन महिने धरणात सराव करून घ्यायचा. दोघांच्या कयाकमध्ये हलकं माणूस पुढे आणि जड माणूस मागे, हा त्याचा नियम. पुढच्याने वल्ह्याची लय धरायची, मागच्याने त्याच लयीत वल्हं मारत नाव वळवायची.

"अठ्ठेचाळीस किलो," जयसिंगने जाहीर केलं. "हिच्या मागे कोण?"

"मी बसतो," एक आवाज आला. "बहात्तर आहे. पण आईच्या पुरणपोळ्या धरून."

आम्रपालीने वळून पाहिलं. चष्मा, कुरळे केस, आणि त्या पुरणपोळ्यांत आपला काडीचा दोष नाही असा चेहरा.

"वल्हं मारता येतं का?" तिने विचारलं.

"नारायण पेठेतले आहोत आम्ही. सल्ला देता येतो."

ती हसली, आणि तिथेच फसली.

एरवी पोरगी अशी फसणारी नव्हती हो. वरोऱ्याहून एकटी पुण्यात आलेली, कर्वेनगरात तिघींत मिळून खोली, आणि हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार. बद्रीही मगरपट्ट्यात कॉम्प्युटरपुढेच बसायचा. पण कयाकची गंमत अशी, की पुढच्याला मागचा दिसत नाही. नुसता आवाज येतो… कानामागून, मानेवरून. आणि आवाज तर त्याचा असा गोड, की काय सांगावं.

"अमू, डावीकडे बघ, खंड्या बसलाय."

"अमू, उद्यापासून केस बांधून येत जा. माझं लक्ष पाण्यात राहत नाही."

"मग कुठे राहतं?" ती विचारायची.

"ते पुढे बघून वल्हं मारणाऱ्यांनी विचारायचं नसतं."

तिची मान तापायची. उन्हाने, असं ती स्वतःला सांगायची.

फेब्रुवारीत ते केळशीहून निघाले. आठ माणसं, पाच नावा. चार दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळ गाठायचं होतं. एकट्याच्या नावा दोनच, एक जयसिंगची आणि दुसरी सरोजिनीबाईंची. या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, अंगाने भरभक्कम, बोलणं मोजकं आणि तेही धारेचं. कुणी काकू म्हटलं की म्हणायच्या, "तुमच्या काकांना मी ओळखत नाही."

पहिल्या संध्याकाळी आंजर्ल्याच्या वाळूत बसून आम्रपालीने हात उघडले, तर दोन्ही तळव्यांना फोड. बद्रीने खोबरेलाची बाटली आणली. तिचा हात मांडीवर घेतला आणि एका बोटाने, फुंकर घालत, तेल लावत राहिला. इतक्या हळुवार हाताने तिला आजवर आईनेसुद्धा तेल लावलं नव्हतं.

"तुझे बघू," ती म्हणाली. त्याचे तळवे स्वच्छ, मऊ. "तुला कसे नाही आले?"

"मला सवय आहे," तो म्हणाला. तिला खरं वाटलं. त्या घडीला तो म्हणाला असता की समुद्र गोड आहे, तर तिने ओंजळ भरून पिऊन पाहिला असता.

दुसऱ्या दिवशी सुवर्णदुर्गाच्या तटाखाली पाणी शांत होतं. बाकीच्या नावा पुढे गेल्या होत्या.

"अमू… एक सांगू? पण वळू नकोस. वळलीस तर मला जमणार नाही."

"सांग."

"मला तुझ्याशी लग्न करायचंय."

वल्हं हातातच राहिलं. त्याच्या टोकावरून पाणी तिच्या गुडघ्यावर ठिबकत होतं, आणि छातीत असं काही धडधडत होतं की तिला वाटलं, मागे ऐकू जाईल.

"बद्री," ती न वळता म्हणाली, "मी आम्रपाली मेश्राम. दसऱ्याला तुमच्या घरी सोनं वाटतात, आम्ही दीक्षाभूमीला जातो. तुझ्या आईला हे माहीत आहे?"

"सांगेन ना."

"कधी? रविवारी बाबा पुण्याला येतायत. एक स्थळ आलंय, त्यांना उत्तर द्यायचंय. मी नकारच देणार. पण का, ते सांगायला मला तुझं नाव लागेल. आणि तुझ्या घरात माझं नाव लागेल. पूर्ण नाव."

"सांगितलंच समज," बद्री म्हणाला.

तिने समजलं. पुढचे दोन तास ती अशी वल्हवत होती की जयसिंगला ओरडून हळू घ्यायला सांगावं लागलं. मुरुडच्या अलीकडे डॉल्फिनच्या पाठी वर आल्या, तेव्हा तर तिला सगळा समुद्र आपल्याच घरचा वाटला.

तिसऱ्या दिवशी मुरुडला बद्रीच्या सख्ख्या आत्याकडे सगळ्यांचं जेवण होतं. केळीची पानं, डाळिंब्यांची उसळ, पोह्याचे पापड. आत्या वाढता वाढता प्रत्येकाला नाव-गाव विचारत होत्या. आम्रपालीसमोर आल्या.

"आणि ही कोण?"

तिने तोंड उघडायच्या आतच बद्री बोलला. "ही अमृता साने. कर्वेनगरची."

काय सफाई होती. अडखळला नाही, की चुकला नाही. आम्रपालीने त्याच्याकडे पाहिलं. तो पानातलं मीठ न्याहाळत होता. मीठ लागून तिचे फोड चरचरत होते, आणि डोळेही.

"नाही हो आत्या," ती म्हणाली. "मी आम्रपाली मेश्राम. वरोऱ्याची. बद्री दोन महिने माझ्या पाठीशीच बसतोय, त्यामुळे ओळख राहिली."

आत्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी भाच्याकडे एकदा पाहिलं. मग आम्रपालीच्या वाटीत सोलकढी ओतली. "उसळ तिखट नाही ना लागत, आम्रपाली? अजून घे." त्याच्याशी मात्र जेवण संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

नंतर वाळूत बद्रीने तिला गाठलं. "काय गरज होती? मी हळूहळू सांगणार होतो."

"खरं तू हळूहळू सांगणार होतास," ती म्हणाली. "खोटं पटकन सांगितलंस."

ती नावेपाशी जाऊन बसली. सरोजिनीबाई लाईफ जॅकेट वाळत घालत होत्या.

"तुझ्या हातांना फोड आलेत," त्या म्हणाल्या. "त्याच्या?"

"त्याला सवय आहे म्हणतो."

"सवय आहे हे खरं. मी तीन दिवस तुमच्या बाजूने येतेय. तो बोलतो तेव्हा वल्हं मांडीवर ठेवतो. आणि तो सारखा बोलतो."

आम्रपाली म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"खुशीत होतीस. आणि विचारलं नव्हतंस."

चौथ्या दिवशी आम्रपालीने सरोजिनीबाईंची एकट्याची नाव मागून घेतली. दोघांच्या नावेत राहिले बाई आणि बद्री. बाईंचं वजन त्याच्याहून जास्त, त्यामुळे नियमाने बद्री पुढे. आता सगळ्या जगाला त्याचं वल्हं दिसत होतं, आणि मागून एकच वाक्य येत होतं: "बोलू नकोस, मार."

आम्रपालीची नाव सुळसुळत निघाली. आपण दोन महिने किती ओढत होतो हे तिला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर ती रडली. समुद्रावर रडायला बरं, चेहरा आधीच खारट असतो.

दाभोळची खाडी दिसू लागली तेव्हा मागून हाक आली. "आम्रपाली मेश्राम…" पूर्ण नाव, मोठ्याने. सगळ्या नावा थबकल्या. तिने वळून पाहिलं. घामाने निथळलेला बद्री तिच्याकडे बघत होता, समोरून, तोंड दाखवून. तिचा जीव गलबलला. हेच तर तिला हवं होतं.

"इथे पाण्यात कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "आई येणार आहे ना अलका चौकात तुला घ्यायला? तिथे म्हण."

"म्हणतो."

आणि या वेडीने पुन्हा विश्वास ठेवला.

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, गाडी पुण्यात अलका चौकात थांबली. आई आल्या होत्या, हातात डबा. चेहरा हुबेहूब बद्रीचा, तसाच हसरा. "ही कोण रे?" त्यांनी आम्रपालीकडे बघत विचारलं.

बद्रीने तोंड उघडलं. दोन महिने अखंड चालणारं तोंड.

"ग्रुपमधली," तो म्हणाला. मग घाईने तळहात पुढे केला. "हे बघ ना आई, केवढा फोड आलाय."

आई त्याच्या हातावर वाकल्या. एकच फोड होता, त्याच सकाळचा. आम्रपालीने पाठपिशवी उचलली आणि रिक्षा केली. बद्रीने हाक मारली नाही.

रविवारी बाबा आले. चहा झाला, वरोऱ्याच्या गोष्टी झाल्या.

"त्या स्थळाला नकार कळवा, बाबा," ती म्हणाली.

"कळवतो. मनात कुणी आहे का, बाळा?"

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं मागे कुणीतरी आहे. कुणी नव्हतं."

बाबांना नीटसं कळलं नाही. पण तिचे तळवे त्यांना दिसले. त्यांनी फळीवरची खोबरेलाची बाटली काढली आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.